पिस्तूल आलंय, आता कुलपाचं बोलू

प्रिय चिमू,



तुझा निरोप पोचला. ह्यूस्टनजवळ केटीतल्या तुमच्या घरात जावईबापूंनी पिस्तूल आणलंय आणि आता तुम्ही दोघं तिजोरी शोधताय. सोबत तू जाहिरातीचा फोटोही धाडलास. पाच फुटी काळी तिजोरी, दाराला गाडीच्या स्टिअरिंगसारखं चकचकीत चाक, वर ‘२४ बंदुका मावतात, ४५ मिनिटं आग सोसते’ असा शिक्का आणि सवलतीत किंमत आठशे डॉलर. ‘मामा, तुझा जन्म पत्रा आणि वेल्डिंगमध्ये गेला, तूच सांग, घेऊ का?’ एवढंच विचारलंयस.

घेऊ नकोस. का नको आणि त्याऐवजी काय, ते सविस्तर लिहितो. फोनवर हे बोलणं धड होत नाही, आणि जावईबापूंनाही हे पत्र वाचायला द्यायचंय.

पिस्तूल घ्यायला हवं होतं की नको, यावर मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. तो तुमचा दोघांचा निर्णय आहे आणि त्यामागची धास्ती मला कळते. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांनाही ठाऊक झालंय. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने टेक्सास, जॉर्जिया, मिशिगन, न्यू जर्सी अशा राज्यांमध्ये भारतीय आणि इतर आशियाई कुटुंबं हेरून घरात घुसून दरोडे घातले होते. टोळीच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टाने ३७ वर्षांची शिक्षा ठोठावली. असल्या बातम्या वाचल्यावर माणूस कुलपं तपासतो, कॅमेरे लावतो, आणि कोणी पिस्तूलही घेतो.

पण एक लक्षात ठेव. तुमचे टेक्सन शेजारी बंदुकीबरोबर लहानाचे मोठे झालेत. ती कुठे ठेवायची, कशी हाताळायची, पोरांना काय सांगायचं, हे बापाकडून मुलाकडे येत गेलंय. आपल्याकडे तसं काही नाही. आपल्या आजोळी, कोकणात, ठासणीची बंदूक होती, रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून शेत राखायला. तिचा परवाना, त्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करणं, हा सगळा कारभार आजोबांचा. आम्हा पोरांना तिच्या वाटेला जायची सोयच नव्हती. शस्त्र कायदा आणि तालुक्याचं ठाणं मिळून निम्मी काळजी वाहत होते. टेक्सासात घरात पिस्तूल ठेवायला परवाना लागत नाही, तपासायला कोणी येत नाही. म्हणजे ती सगळी काळजी तुमच्या दोघांच्या डोक्यावर आली.

आता मुद्द्यावर येतो. कुलूप कोणासाठी? तुझ्या जाहिरातीतला विक्रेता म्हणेल, चोरासाठी. चोर कधी तरी येईल किंवा येणारही नाही. घरातली माणसं मात्र रोज घरात असतात. तुझा धाकटा सहा वर्षांचा आहे, प्रत्येक खण उघडून पाहतो. थोरली तेरा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणी शनिवारी राहायला येतात. घर साफ करायला बाई येतात, गणपतीला पन्नास माणसं येतात आणि त्यांची पोरं वरच्या मजल्यावर लपाछपी खेळतात. पिस्तुलाची पेटी निवडताना आधी या हातांचा विचार करायचा, चोराचा नंतर. याच क्रमाने विचार केलास तर तिजोरी स्वस्तात मिळते, आणि चांगलीही मिळते.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. २०२० पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे; तोवर ते मोटार अपघात होतं. २०२१ च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून असा अंदाज निघाला की सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि बिनकुलपाची आहे. शाळांमधल्या हल्ल्यांचा सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये अभ्यास मांडला, त्यात बंदूक वापरलेल्या तीन चतुर्थांश घटनांमध्ये ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून उचललेली होती.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचा खटला तू वाचला असशील. ३० नोव्हेंबर २०२१ ला पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी घेतलं होतं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षांची कैद झाली; मुलाने शाळेत केलेल्या अशा हत्याकांडासाठी आई-वडील दोषी ठरण्याची या देशातली ही पहिलीच वेळ. खटल्यात दोन बारीक गोष्टी बाहेर आल्या. पिस्तुलाबरोबर मिळालेलं केबलचं कुलूप प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेरच काढलेलं नव्हतं. आणि घरात तिजोरी होती, तिच्यात बाकीच्या बंदुका होत्या, पण तिचा कोड कारखान्यातून आला तसाच होता: शून्य, शून्य, शून्य. कुलूप घरात होतं, तिजोरीही घरात होती, आणि दोन्हींचा उपयोग झाला नाही. म्हणून सांगतो, वस्तू विकत घेणं हा कामाचा लहान भाग आहे.

टेक्सासचा कायदाही माहीत असू दे. दंडसंहितेच्या ४६.१३ या कलमाप्रमाणे लगेच झाडता येईल अशी बंदूक निष्काळजीपणामुळे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. मुलाच्या हातून गोळी सुटून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर वर्षभरापर्यंत कैद आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा मोठी वाटत नसेल तर त्यावर जाऊ नकोस. त्या घराला जन्मभर जे भोगावं लागतं त्यापुढे कोर्टाचा दंड काहीच नाही.

आता त्या पाच फुटी तिजोरीकडे वळू. जाहिरातीतला बारीक मजकूर मी मोठा करून वाचला. पत्रा १४ गेजचा आहे. गेजचा हिशोब उलटा असतो: आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १४ गेज म्हणजे जेमतेम १.९ मिलिमीटर. १२ गेज म्हणजे साधारण २.७. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त कपाटांचा पत्रा १८ गेजचा असतो, १.२ मिलिमीटर, तो जाड कात्रीनेही कापता येतो. बाहेरून रंग, चाक, पितळेचा बिल्ला सगळ्यांना सारखाच असतो. चाक फिरवलं की आतले बोल्ट सरकतात एवढंच त्याचं काम. त्याच्या आकाराने मजबुती वाढत नाही. दाराच्या कडेला दिसणारे जाडजूड बोल्टही तसेच. ते आत ज्या पट्टीवर बसवलेले असतात ती पट्टी पातळ असेल तर कटावणी लावली की पट्टीच वाकते.

इथे ज्याला लोक सरसकट ‘गन सेफ’ म्हणतात त्यातल्या बहुतेकांचा दर्जा, असलाच तर, अंडररायटर्स लॅबोरेटरीजचा ‘आर.एस.सी.’ हा असतो. घरगुती सुरक्षित पेटी असा त्याचा अर्थ. त्याच्या पहिल्या पातळीची चाचणी अशी: एक माणूस, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, अठरा इंचापर्यंतची कटावणी, ड्रिल अशी साधी हत्यारं आणि पाच मिनिटं. तेवढ्यात दार उघडलं नाही तर पास. दुसऱ्या पातळीला दोन माणसं आणि दहा मिनिटं. सराफाकडे असते ती खरी तिजोरी ‘टी.एल.-१५’ या दर्जापासून सुरू होते आणि तिची किंमत हजारांत जाते. म्हणजे तुझी आठशे डॉलरची तिजोरी चोराला रोखणार नाही, त्याला थोडा वेळ लावेल. तेवढंही चालतं, कारण चोराला घाई असते. पण त्या थोड्या वेळासाठी पाच फुटांचं धूड घरात आणायची गरज आहे का?

‘२४ बंदुका मावतात’ हेही कागदावरच. तो आकडा दुर्बीण नसलेल्या बारीक बंदुका एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या तर येतो. जाणकार माणूस सरळ निम्मा धरतो. तुमच्याकडे एक पिस्तूल आहे. चोवीस बंदुकांची जागा मोकळी राहिली की तिच्यात पासपोर्ट जातील, सोन्याचे डबे जातील, घराची कागदपत्रं जातील, आणि दिवसातून दोनदा ते दार उघडेल. पिस्तुलाच्या दाराने महिनोन्महिने उघडू नये हेच बरं.

सोन्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: दागिने आणि पिस्तूल एका पेटीत कधीही ठेवू नका. आपल्या घरातलं सोनं बाहेर यायला निमित्त लागत नाही. दिवाळीचा पाडवा, हळदीकुंकू, डोहाळजेवण, मंडळाचा कार्यक्रम. घाईत असलीस की थोरलीला हाक मारशील, ‘वरच्या कप्प्यातल्या पाटल्या आण गं.’ कोड तिला सांगशील. पुढच्या वेळी तुझी आई भारतातून आली की तिलाही सांगशील. आपल्याकडे गोदरेजच्या कपाटाची किल्ली कपाटावरच्या डब्यात असायची आणि लपवून ठेवलीय असं सगळ्यांनी मानायचं. इथल्या कोडचंही तसंच होतं. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेव, नाहीतर वेगळ्या पेटीत. शिवाय विम्याचं बघ. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत चोरीला गेलेल्या दागिन्यांची भरपाई बहुतेक वेळा दीड हजार डॉलरच्या आसपास थांबते. त्यावरच्या सोन्याची यादी आणि मूल्यांकन देऊन वेगळा विमा उतरवावा लागतो. आठशेतले काही पैसे तिकडे वळवलेस तर सोनं जास्त सुरक्षित राहील.

मग पिस्तुलासाठी काय घ्यायचं? पुस्तकाएवढी किंवा थोडी मोठी पोलादी पेटी. जाड पत्रा, निदान १२ गेज, १० असेल तर उत्तम. झाकण बंद केल्यावर फटीत नाणं किंवा सुरीचं पातं शिरत नाही असं. बिजागरी आतल्या बाजूला. तळाला आणि पाठीला बोल्टसाठी भोकं. आणि पाच बटणांचं यांत्रिक कुलूप, ज्याला ना बॅटरी लागते ना किल्ली. अशा पेट्या साधारण अडीचशे ते साडेतीनशे डॉलरला मिळतात. या जातीच्या कुलपात हजारभर जुळण्या असतात. लहान मुलाला आणि उत्सुक पाहुण्याला तेवढ्या पुरतात. बटणं अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून दाबता येतात. ‘रात्री गरज पडली तर वेळ मिळेल का?’ ही जावईबापूंची शंका असणार, आणि ती रास्त आहे. त्याचं उत्तर सराव. पिस्तूल बाहेर काढून ठेवायचं, रिकामी पेटी दिवा मालवून उघडायची, हाताला सवय होईपर्यंत. काही सेकंदांत उघडते. उशीखाली किंवा गादीखाली भरलेलं पिस्तूल हा त्यावरचा उपाय नव्हे.

बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या स्वस्त पेट्यांना मात्र लांबून नमस्कार. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने फोर्ट्रेस कंपनीच्या अशा सुमारे ६१ हजार पेट्या परत मागवल्या. त्यातला दोष साधा आणि भयंकर होता. मालकाला वाटायचं आपला ठसा नोंदवला गेलाय, पेटीला तसं वाटत नव्हतं, आणि ती कोणाच्याही बोटाने उघडायची. एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा उल्लेख त्या जाहीर सूचनेत आहे. पुढच्या काही महिन्यांत आणखी काही ब्रँडच्या पेट्या याच दोषापायी मागे घेतल्या गेल्या. अशी पेटी आधीच घरात असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर तिचा मॉडेल क्रमांक तपासा, आणि घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा.

अंकांच्या बटणांची, बॅटरीवर चालणारी पेटी वाईटच असते असं नाही. पण चाळीस-पन्नास डॉलरच्या पेटीत आतली खिट्टी बहुधा एका छोट्या सोलेनॉइडवर, म्हणजे विजेच्या चुंबकी खटक्यावर, टेकलेली असते. पेटीला वरून दणका देऊन त्याच क्षणी मूठ फिरवली की ती खिट्टी उसळते आणि दार उघडतं. २०१२ मध्ये कुलपांच्या अभ्यासकांनी अशा स्वस्त पेट्या उचलून आपटून उघडून दाखवल्या होत्या. लहान मुलाला जमेल इतकं ते सोपं होतं. दुकानात नमुना ठेवलेला असतो. पेटी बंद करायची, कोड न घालता मूठ फिरवत वरून हाताचा गुद्दा मारायचा. विक्रेता बघू दे. उघडली तर तिथेच सोडून द्यायची. आणि कंपनीच्या नावाची प्लास्टिकची पट्टी नखाने उचकटून बघ; पुष्कळदा तिच्याखाली जादा किल्लीचं भोक असतं. तिथे गोल नळीसारख्या किल्लीचं हलकं कुलूप असेल तर पुढच्या बटणांना फारसा अर्थ उरत नाही. खरं कुलूप ते मागचंच.

एवढं सगळं दुकानात आठवत नसेल तर एकच कर. कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने बंदुकीच्या तिजोरीसाठी किमान अटी ठरवून दिल्यात: एकेरी भिंत असेल तर १२ गेजचा पत्रा, निदान तीन पोलादी बोल्ट आणि प्रत्येक बोल्ट अर्धा इंच जाड, कुलपात निदान दहा हजार जुळण्या, बिजागऱ्या सुरक्षित. हे मोठ्या तिजोरीचं माप आहे. उद्या जावईबापूंनी शिकारीची बंदूक आणली आणि मोठी तिजोरी लागलीच, तर या यादीवर बोट ठेवून खरेदी करा. टेक्सासात ती अट लागू नाही, पण पत्र्याची जाडी राज्याच्या सीमेवर बदलत नाही.

आता बोल्ट. न ठोकलेली पेटी म्हणजे चोरासाठी हँडल नसलेली सूटकेस. तो ती उचलून नेणार आणि निवांत आपल्या गॅरेजमध्ये फोडणार. मोठी तिजोरी उचलता येत नसली तरी आडवी पाडता येते. पाडली की दोन माणसं दोन कटावण्यांवर सगळं वजन टाकून दार उचकटतात. उभी आणि जमिनीला जखडलेली असेल तर तेवढा जोर लावायला जागाच मिळत नाही.

पण ड्रिल हातात घेण्याआधी गॅरेजच्या फरशीवर नजर टाक. ह्यूस्टनकडची बरीच नवी घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर बांधलेली असतात; काँक्रीटच्या आत पोलादी केबल हजारो पौंडांच्या ताणाने ओढून बसवलेल्या असतात. अशा स्लॅबला कापू किंवा भोक पाडू नका, असा शिक्का बऱ्याचदा गॅरेजच्या दारापाशी काँक्रीटमध्येच उमटवलेला असतो. केबल तुटली तर ड्रिल धरणाऱ्याला इजा होते आणि पायाच्या दुरुस्तीचं बिल तिजोरीच्या कैक पट येतं. शिक्का दिसला तर जमिनीचा नाद सोडा. तुमची पेटी लहान आहे. तुमच्या झोपण्याच्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात, खांद्याच्या वर, भिंतीतल्या लाकडी खांबांना जाड स्क्रूंनी आतून बसवा. खांब सहसा सोळा इंचांवर असतात, शोधायचं यंत्र पंधरा-वीस डॉलरला मिळतं. गॅरेजमध्ये मात्र ठेवू नका. दार उघडं असताना रस्त्यावरून दिसते, दमट हवा खाते, आणि ती फोडायची सगळी हत्यारं तुम्हीच शेजारच्या भिंतीवर टांगून ठेवलेली असतात.

आगीच्या शिक्क्यावर फार बोलत नाही. बहुतेक तिजोऱ्यांत आगीसाठी जिप्समचे तक्ते घातलेले असतात, आणि ‘४५ मिनिटं’ हा आकडा पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या चाचणीचा असतो. एका पिस्तुलासाठी त्यावर पैसे घालवू नका. ह्यूस्टनच्या हवेत पिस्तुलाचा खरा शत्रू गंज आहे, आपल्या कोकणातल्यासारखाच. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती अधूनमधून ओव्हनमध्ये वाळवून घ्या.

यापुढचं मात्र अधिक लक्ष देऊन वाचा. पेटी घरी आली की पहिलं काम कारखान्याचा कोड बदलणं. वाढदिवस, लग्नाची तारीख, घरक्रमांक यातलं काही नको. पोरांना ते सगळं पाठ असतं. कोड तुम्हा दोघांनाच. मोबाईलच्या नोंदीत नाही, फ्रिजवरच्या कागदावर नाही. इलेक्ट्रॉनिक कुलूप घेतलंत तर कंपनीकडे त्याचा वेगळा मास्टर कोड असतो का, हे विचारून घ्या. २०२३ मध्ये लिबर्टी सेफ या मोठ्या कंपनीने वॉरंट पाहून एका ग्राहकाच्या तिजोरीचा कोड एफबीआयला दिला तेव्हा गदारोळ झाला, आणि मग कंपनीने आपला कोड नोंदीतून काढून टाकायची सोय ग्राहकांना दिली. वॉरंटचा वाद वेगळा. कोड आणखी कुठे तरी लिहिलेला आहे हे तुम्हाला ठाऊक असावं एवढाच माझा मुद्दा.

आणि हे खास आपल्या घरांसाठी. तुझे आई-बाबा दिवाळीला टुरिस्ट व्हिसावर येणार आहेत. व्हिसावर आलेल्या माणसाला, अगदी एच-१बी वर नोकरी करणाऱ्यालाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्डवाल्याला येते. म्हणजे ‘आम्ही फिरायला चाललोय, कोड आईला सांगून ठेवते’ हे कौतुकाचं वाटलं तरी तिला अडचणीत आणणारं आहे. तिला कोड नको, किल्ली नको. पेटी कुठे आहे तेही तिने न विचारलेलं बरं.

गोळ्या वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. पेटी येईपर्यंत पिस्तूल रिकामं करून त्याला केबलचं कुलूप लावा. ते तुम्हाला दुकानदाराने पिस्तुलाबरोबरच दिलेलं असणार. २००५ च्या फेडरल कायद्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याने हँडगनसोबत कुलूप किंवा तसं साधन द्यावंच लागतं. हरवलं असेल तर पुष्कळ पोलीस ठाण्यांत ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ या योजनेतलं फुकट मिळतं. हे पत्र वाचून झालं की आज रात्रीच लावा, शनिवारची वाट पाहू नका.

आता थोरलीबद्दल. सहा वर्षांच्या मुलाला पेटी पुरते. तेराव्या वर्षी मूल आपल्यापेक्षा हुशार असतं, आणि कधी कधी आतून खचलेलंही असतं, आपल्याला पत्ता नसतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून क्वचितच कोणी वाचतं, आणि इतर मार्गाच्या प्रयत्नातून वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. तो वाईट तास निघून जाणं महत्त्वाचं असतं. म्हणून तिचं मन थाऱ्यावर नाही असं कधी वाटलं तर पेटीच्या भरवशावर राहू नका, पिस्तूलच घराबाहेर काढा. पोलीस ठाणं, बंदुकीचं दुकान किंवा शूटिंग रेंज, कुठे ठेवून घेतात ते आजच विचारून ठेवा. आणि मन खचलेल्याला मदत करणारा ९८८ हा फोन क्रमांक तिलाही माहीत असू दे. जुलै २०२२ पासून तो देशभर चालतो. तिला पेटी दाखवा, तिच्यात काय आहे तेही सांगा. लपवाछपवीने कुतूहल वाढतं. मैत्रिणीच्या घरी राहायला पाठवताना त्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का, हे विचारायला लाजू नका. इथे ते विचारतात, कोणी राग मानत नाही.

तर हिशोब असा. जाड पत्र्याची, पाच बटणांची लहान पेटी तीनशेच्या आत-बाहेर. स्क्रू, खांब शोधायचं यंत्र, सिलिका जेल धरून पन्नास. गोळ्यांसाठी वेगळा कुलपाचा डबा तीस-चाळीस. आठशेच्या धुडापेक्षा निम्म्या पैशांत काम होतं. उरलेले दागिन्यांच्या विम्यात घाला. पैसा कुलपात आणि बोल्टमध्ये घालावा. चाकात, रंगात आणि रिकाम्या जागेत घालू नये. आणि ज्या दिवशी कोड पाळायचा कंटाळा येईल त्या दिवशी पिस्तूल विकून टाका. कोड न पाळणाऱ्या घरात ते ठेवण्यापेक्षा न ठेवणं जास्त सुरक्षित आहे.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा. पेटी बसवायला हात हवा असेल तर कळव, ड्रिल घेऊन येतो.

तुझा,
मामा

ता. क. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून बंदुकीच्या तिजोऱ्या, पेट्या आणि कुलपांवरचा विक्रीकर माफ केलाय. तुमच्याकडे तो सव्वाआठ टक्के आहे. दुकानदार सवयीने लावतो. बिल नीट बघ आणि लावला असेल तर काढायला सांग.